आय रोबॉट : आठ महिने ऐकल्यानंतर

'आय रोबॉट' हा अल्बम लावून पहिल्यांदा प्ले दाबलं की सुरुवातीचे काही सेकंद जवळजवळ काहीच ऐकू येत नाही. मग हात आपोआप आवाज वाढवायला जातो, आणि तिथेच चूक होते. सिंथचा, म्हणजे सिंथेसायझरचा, सूर फार सावकाश वर येतो. त्यावर आवाज बेतला, तर ड्रम आत येईपर्यंत पातळी नको तिथे गेलेली असते. उपाय सोपा आहे. आधी दुसरं गाणं, 'आय वुडन्ट वॉन्ट टू बी लाइक यू', लावायचं, त्यातला गायकाचा आवाज समोर बसून बोलणाऱ्या माणसाइतका होईल अशी पातळी ठरवायची, आणि मगच पहिल्या गाण्यावर परत यायचं. त्यानंतर ४१ मिनिटं नॉबला हात लावायचा नाही.

हा 'दि अॅलन पार्सन्स प्रोजेक्ट'चा १९७७ सालचा दुसरा अल्बम. डिसेंबर १९७६ ते मार्च १९७७ या काळात लंडनच्या अॅबे रोड स्टुडिओत ध्वनिमुद्रित झाला आणि अरिस्टा कंपनीने बाजारात आणला. अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत तो नवव्या क्रमांकापर्यंत पोहोचला. पार्सन्स म्हणजे पिंक फ्लॉइडच्या 'द डार्क साइड ऑफ द मून'चा ध्वनिमुद्रक. कल्पना आणि गीतांची मुख्य बाजू एरिक वुल्फसनकडे होती. नेहमीच्या अर्थाने याला बँड म्हणणं थोडं धाडसाचंच आहे, कारण त्या काळात हा प्रोजेक्ट मंचावर गेलाच नाही आणि गायक दर गाण्याला बदलतो. पण वाजवणारे मात्र ठरलेले: इयन बेर्नसन गिटारवर, डेव्हिड पेटन बेसवर, स्टुअर्ट टॉश ड्रमवर. हे तिघे पायलट या स्कॉटिश बँडमधून आलेले, एकमेकांच्या सवयी जाणणारे. कीबोर्डवर डंकन मॅके, आणि वाद्यवृंदाची बाजू अँड्र्यू पॉवेलकडे.

नाव विज्ञानकथालेखक आयझॅक असिमोव्हच्या 'आय, रोबॉट' या १९५० सालच्या कथासंग्रहावरून घेतलं आहे. वुल्फसन असिमोव्हशी बोलला, त्यालाही कल्पना आवडली, पण पुस्तकाचे हक्क आधीच दुसरीकडे गेले होते. म्हणून शीर्षकातला स्वल्पविराम काढला आणि विषय कथांपासून सोडवून घेतला. त्यामुळे यंत्रमानवांसाठीचे तीन नियम, त्यांची मानसतज्ज्ञ सुसान कॅल्व्हिन, त्यांचा पॉझिट्रॉनिक मेंदू या असिमोव्हच्या कथांतल्या गोष्टींपैकी काहीही इथे सापडणार नाही. त्याच्या शोधात जाणाऱ्याची निराशा ठरलेली. वेष्टनावर चार ओळींत विषय दिला आहे: यंत्राचा उदय आणि माणसाचा ऱ्हास, दोन्हींची सुरुवात चाकाच्या शोधापासून, माणसाने यंत्रमानव स्वतःच्या प्रतिमेत घडवायला घेतला म्हणून माणसाची सत्ता अल्पायुषी ठरणार. एवढी सूचना द्यायची आणि मग गाण्यांत यंत्राबद्दल जवळजवळ गप्प बसायचं, असा हा कारभार आहे.

पहिल्या दोन-तीन आठवड्यांत हीच तक्रार मनात राहते. शब्द ऐकत बसलं तर यंत्र कुठे आहे हे कळतच नाही. प्रेमभंगाची गाणी म्हणूनही निम्मी खपतील. तक्रार विरते ती शब्द सोडून लय ऐकायला लागल्यावर. या अल्बममधलं यंत्र गीतात नाही, ते वाजण्यात आहे, आणि गाणी जिथे एकमेकांना जोडली आहेत त्या सांध्यांत आहे.

शीर्षकाचं वाद्यसंगीत जवळून पाहू. सहा मिनिटं आणि दोन सेकंद. धूसर सूर, त्यावर शब्दांवाचून गाणारा स्त्रीचा उंच आवाज, आणि खालून सिंथचा एक छोटा स्वरसमूह सुरू होतो. तोच, तसाच, पुन्हा पुन्हा. आपल्याकडे तबल्याच्या एकलवादनाला लेहरा धरतात, तसा. फरक एवढाच की लेहरा धरणारा माणूस तबलजीकडे बघून थोडा सांभाळून घेतो, द्रुतात नकळत पुढे सरकतो. इथला लेहरा सूतभर हलत नाही. टॉशचे ड्रम आत येतात ते याच्यावर. हेडफोन लावून फक्त हाय-हॅट, म्हणजे ड्रमवरची झांजांची जोडी, ऐकावं: फटका कधी स्वराच्या बरोबर पडतो, कधी केसभर मागे. ती केसभर जागा म्हणजे माणूस. पुढे जॉन लीचचं सिंबालोम येतं. हे हंगेरीचं, हातातल्या काड्यांनी वाजवायचं तंतुवाद्य, म्हणजे आपल्या संतूरचं चुलत भावंड. संतूर ऐकलेल्या कानाला ते लगेच ओळखीचं वाटतं. काडी तारेवर पडून उसळते तेव्हा होणारा किंचित अनियमित थरथराट खालच्या काटेकोर स्वरसमूहाला घासतो. यंत्र आणि हात यांच्यातली सगळी कुस्ती त्या घासण्यात आहे, आणि एकही शब्द न उच्चारता.

हे ऐकू यायचं असेल तर वाजवण्याची व्यवस्था नीट लागते. या बाबतीत हा अल्बम फार नखरेल आहे.

सर्वात जास्त नुकसान सांध्यांचं होतं. पहिलं गाणं थांबत नाही, दुसऱ्यात विरघळतं. 'न्यूक्लिअस' तसंच 'डे आफ्टर डे'मध्ये जातं, 'टोटल एक्लिप्स' शेवटच्या तुकड्यात. एमपी३ फाइली असतील तर इथे बारीक खाच ऐकू येते. कारण असं की एमपी३ आवाज ११५२ नमुन्यांच्या चौकटींत कापतं, म्हणजे साधारण २६ मिलिसेकंदांचा एक तुकडा. फाइल बनवणारा एन्कोडर आणि ती वाजवणारा डिकोडर मिळून सुरुवातीला सुमारे २५ मिलिसेकंदांची शांतता घालतात, आणि शेवटची चौकट भरायला आणखी थोडी. लेम नावाचा एन्कोडर किती शांतता घातली याची नोंद फाइलमध्ये ठेवतो, पण ती नोंद वाचणारा प्लेअर हवा. स्वस्त कार स्टिरिओ आणि पेनड्राइव्हवरचे प्लेअर बहुधा वाचत नाहीत. फ्लॅकमध्ये, म्हणजे आवाजातलं काहीच न गाळणाऱ्या फाइलींत, हा प्रश्नच येत नाही. सीडीवरून फाइली काढताना दोन गाण्यांमधलं अंतर आधीच्या गाण्याला जोडण्याचा पर्याय निवडावा, किंवा अख्ख्या सीडीची एकच फाइल आणि सोबत क्यू शीट, म्हणजे कोणतं गाणं कुठे सुरू होतं याची यादी, करावं. दुसरा मार्ग कंटाळवाणा खरा, पण एकदा केलं की कटकट संपते.

स्ट्रीमिंगवर चार गोष्टी तपासाव्यात. क्रॉसफेड, म्हणजे एका गाण्याच्या शेवटात दुसरं मिसळणं, शून्य. गॅपलेस, म्हणजे मधे अंतर न ठेवता वाजवणं, चालू. शफल बंद. आणि आवाज समान करण्याची सोय, म्हणजे नॉर्मलायझेशन, शक्यतो बंद. गाण्यागणिक नॉर्मलायझेशन या अल्बमचा गळाच दाबतं: 'टोटल एक्लिप्स'सारखा कुजबुजीतून उठणारा तुकडा वेगळ्या पट्टीने मोजला जातो, आणि सांध्यावर पातळी अचानक उडी मारते. फाइलींसाठी हेच काम करणारं रिप्लेगेन वापरणाऱ्यांनी ट्रॅक गेन सोडून अल्बम गेन निवडावा. त्यात सगळ्या गाण्यांना एकच वजाबाकी लागते, आतली चढउतार तशीच राहते. यंत्राने माणसाचं काय करून ठेवलं यावरचा अल्बम, आणि त्याचा क्रम मोडायला सगळ्यात उत्सुक कोण, तर पुढचं गाणं परस्पर ठरवणारं यंत्र! ऑटोप्लेसुद्धा बंद करा. नाहीतर शेवटचा सूर विरतो न विरतो तोच भलतंच काहीतरी सुरू होतं.

ब्लूटूथ इअरबडची अडचण वेगळी. बरेच स्वस्त इअरबड बॅटरी वाचवायला शांततेत झोपतात आणि आवाज एका मर्यादेवर गेला की जागे होतात. पहिल्या गाण्याचा हळू चढणारा सूर त्यांच्या लेखी शांतताच. सुरुवात कापली जाते आणि एकदम मधूनच आवाज उगवतो. फाइल खराब आहे असा समज होतो, पण तीच फाइल तारेच्या हेडफोनवर ठीक वाजते. लोकलमध्ये किंवा बसमध्ये ऐकायला हा अल्बम नाहीच. नॉइज कॅन्सलिंग असलं तरी तळाचे बारीक थर गाडीच्या खडखडाटात जातात आणि हातात उरतात ती दोन-तीन सरळ गाणी.

त्या सरळ गाण्यांबद्दल. 'आय वुडन्ट वॉन्ट टू बी लाइक यू' लेनी झकाटेकने गायलं आहे. एकल गाणं म्हणून ते अमेरिकेत ३६व्या क्रमांकापर्यंत गेलं. मला तुझ्यासारखं व्हायचं नाही, असं कोण कोणाला म्हणतंय हे मोकळं सोडलंय. माणूस यंत्राला म्हणतोय असं धरलं तर गाणं साधं. उलटं धरून ऐका, ते बरंच बोचरं होतं. 'सम अदर टाइम'मध्ये एक खुबी आहे, जी कित्येक जणांच्या कानाखालून वर्षानुवर्षं निसटते: गाणारे दोन आहेत, पीटर स्ट्रेकर आणि जॅकी व्हिट्रेन. एक पुरुष, एक स्त्री. दोघांच्या आवाजांचा पोत इतका जवळचा की गाणारं माणूस बदललं हे लक्षातच येत नाही. अल्बमचा विषय मनात ठेवला तर बदललेला माणूस ओळखू न येणं ही साधी गोष्ट राहत नाही. त्यावरचा लखलखीत पिकोलो ट्रम्पेट जॉन वॉलेसचा. स्पीकर कर्कश असतील तर याच जागी कळेल.

'ब्रेकडाउन'मध्ये हॉलीज बँडचा अॅलन क्लार्क गातो. शेवटी समूहगान उसळतं तिथपर्यंत गाणं बेताचंच आहे, आणि आठ महिन्यांनंतर पुढे ढकलावंसं वाटणारं हे एकच. 'डोन्ट लेट इट शो' डेव्ह टाउनसेंडने गायलेलं. ऑर्गनवर सुरू होणारं, भावना दिसू देऊ नकोस असं सांगणारं, आणि शेवटाला ड्रमच्या चालीवर गेलेलं. पॅट बेनेटारने १९७९ साली ते पुन्हा गायलं. तिचं अधिक धारदार आहे, पण इथला थकलेला आवाज या जागी जास्त शोभतो.

रेकॉर्डची दुसरी बाजू उघडते 'द व्हॉइस'ने. गायक स्टीव्ह हार्ली. सुरुवातीला फक्त पेटनचा बेस, आणि इथे खोलीची परीक्षा होते. दहा बाय बाराची खोली असेल तर दहा फुटांच्या भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्झला आवाज घुमतो आणि बारा फुटांच्या भिंतींमध्ये ४७च्या आसपास. बेस गिटारची ए तार मोकळी वाजवली की ५५ हर्ट्झ. म्हणजे नेमका तोच स्वर ढोलासारखा फुगणार आणि शेजारचे स्वर त्यामानाने सडपातळ राहणार. बेस वाजवणाऱ्याला दोष देऊन उपयोग नाही. स्पीकर मागच्या भिंतीपासून दीड-दोन फूट पुढे घ्यावेत, कोपरे टाळावेत, आणि बसण्याची जागा खोलीच्या बरोबर मध्यावर ठेवू नये. गादी-उशांनी या स्वरांना काही होत नाही. जागा हलवणं हाच स्वस्त उपाय. ओळ नीट ऐकू आली की मग कोणीतरी पाळत ठेवतंय ही गाण्यातली भावना अंगावर येते, नाहीतर नुसती धडधड. मधे टाळ्या आणि तंतुवाद्यं येऊन गाणं नाचरं होतं तो भाग मात्र १९७७ सालातच अडकलेला आहे.

'न्यूक्लिअस' साडेतीन मिनिटांचं, लांबच लांब ताणलेल्या सुरांचं. टर्नटेबल असणाऱ्यांसाठी ही उत्तम चाचणी आहे. ड्रमच्या गाण्यात वेगाची डगमग लपते, स्थिर सुरात लपत नाही. सूर समुद्रावरच्या होडीसारखा हलतोय असं वाटलं तर पट्टा सैल झाला आहे किंवा रेकॉर्डचं भोक मध्यात नाही. स्ट्रोब तबकडी म्हणजे रेघा छापलेली चकती; विजेबरोबर लुकलुकणाऱ्या दिव्याखाली वेग बरोबर असला की तिच्या रेघा स्थिर दिसतात. तिने तपासताना एक काळजी घ्यावी. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांच्या वेगासाठी १८० रेघांचं वर्तुळ बघायचं. २१६ रेघांचं वर्तुळ ६० हर्ट्झवाल्या देशांसाठी असतं. नेटवरून छापून घेतलेल्या तबकड्या बहुधा अमेरिकी असतात आणि चांगलं टर्नटेबल उगाच बदनाम होतं. शिवाय हल्लीचे चांगले एलईडी दिवे विजेबरोबर लुकलुकत नाहीत, त्यांच्या उजेडात रेघा स्थिर झाल्या का नाही हे कळणारच नाही. त्यासाठी जुना निऑन इंडिकेटर बरा.

रेकॉर्डवर ऐकणाऱ्यांसाठी आणखी थोडं. पहिली बाजू पावणेबावीस मिनिटांची, दुसरी साडेएकोणिसाच्या आसपास. रेकॉर्डच्या बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला ५१ सेंटिमीटर या गतीने जाते, आत लेबलाकडे येईपर्यंत ती २३-२४वर उतरते. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला असतो, त्यामुळे सुई चुकते आणि 'स', 'श'सारखे उच्चार फाटतात. पहिल्या बाजूचा शेवट म्हणजे 'डोन्ट लेट इट शो'चा चढता भाग, दुसऱ्या बाजूचा शेवट म्हणजे समूहगानासह येणारा अंतिम तुकडा. दोन्ही भरलेले, दोन्ही आतल्या टोकाला. गोल टोकाच्या सुईवर इथे वाळू चावल्यासारखा आवाज येतो. लंबगोल सुईवर बराच कमी, मायक्रोलाइन या आणखी बारीक टोकाच्या सुईवर जवळजवळ नाही. सुईचा भार कमी ठेवला की रेकॉर्ड वाचते हा समज चुकीचा आहे. कार्ट्रिज म्हणजे सुई बसवलेली डबी; बहुतेक मूव्हिंग मॅग्नेट प्रकारच्या कार्ट्रिजना दीड ते दोन ग्रॅम लागतात, आणि कमी भारात उड्या मारणारी सुईच खाचेच्या भिंती ओरबाडते. कंपनीने दिलेल्या मर्यादेच्या वरच्या बाजूला राहावं आणि प्रोट्रॅक्टरने, म्हणजे कोन जुळवायच्या पट्टीने, कार्ट्रिजचा कोन तिच्यावरच्या दोन्ही बिंदूंवर जुळवावा. जुनी रेकॉर्ड विकत घेताना मधलं नाही, बाजूचं शेवटचं गाणं वाजवून बघा. आधीच्या मालकाची सुई कशी होती ते तिथे कळतं.

'डे आफ्टर डे' जॅक हॅरिसने गायलं आहे, मागे बी. जे. कोलची स्टील गिटार. गोड आहे, आणि गोडपणा इथे जाणूनबुजून पेरल्यासारखा वाटतो, कारण त्याला लागूनच 'टोटल एक्लिप्स' येतं. पॉवेलची रचना. चाल नाही, ठेका नाही, आवाजांचे एकमेकांवर आपटणारे ढग. तीन मिनिटं नऊ सेकंद. रॉक ऐकायला बसलेल्या पाहुण्यांचे चेहरे इथे हमखास उतरतात. रात्री अकरानंतर इमारतीत हे वाजवणार असाल तर हेडफोनच बरा. अख्ख्या अल्बममध्ये यंत्राचा ठोका नाहीसा होतो तो प्रामुख्याने इथे, आणि जे उरतं ते माणसांच्या गळ्यांतून निघतं, तरी ओळखीचं वाटत नाही.

मग शेवटचा तुकडा, 'जेनेसिस चॅप्टर १ व्हर्स ३२'. बायबलच्या उत्पत्ती ग्रंथाच्या पहिल्या अध्यायात वचनं आहेत ३१. बत्तिसावं नाही. सृष्टीची निर्मिती संपल्यावर पुढची ओळ कोण लिहिणार, हा प्रश्न नुसत्या शीर्षकात ठेवून दिला आहे. संगीत मंद, चालणाऱ्या पावलांचं; गिटारचे विलग स्वर आणि शब्दांवाचून समूहगान. ज्याला यात विजय ऐकू येतो त्याला विजय ऐकू येईल. तो कोणाचा, हे संगीत सांगत नाही.

आवृत्त्यांचं म्हणाल तर नव्याने घेणाऱ्याला २००७ची सीडी पुरते. तिच्यात पाच जादा तुकडे आहेत, त्यांपैकी 'द नेकेड रोबॉट' हा दहा मिनिटांहून मोठा तुकडा खरोखर ऐकण्यासारखा, कारण थर वेगळे पडलेले ऐकू येतात. मात्र हे तुकडे शेवटच्या गाण्याला चिकटून येतात, म्हणून दहा गाण्यांची वेगळी प्लेलिस्ट करून ठेवावी. २०१३ची दोन सीडींची आवृत्ती संग्राहकांसाठी. ४५ वेगाच्या दोन रेकॉर्डींचा संच आवाजाला सरस, पण तीनदा उठून बाजू पालटावी लागते आणि या अल्बमची सगळी मजा न थांबण्यात आहे. त्या पैशांत चांगली सुई येईल. दोन आवृत्त्यांची तुलना करताना पातळी आधी बरोबरीत आणा. एका डेसिबलने मोठी वाजणारी आवृत्ती कानाला नेहमीच 'जास्त स्वच्छ' वाटते आणि माणूस फसतो.

मुखपृष्ठ हिप्नोसिस या ब्रिटिश डिझाइन संस्थेचं. पॅरिसच्या चार्ल्स द गॉल विमानतळाच्या टर्मिनल १मधल्या पारदर्शक नळ्यांतले सरकते जिने, त्यांत बँडमधलीच काही माणसं, आणि वर चितारलेला, मेंदूच्या जागी अणू असलेला यंत्रमानव. रेकॉर्डच्या आकारात नळ्यांतली माणसं दिसतात, सीडीच्या वेष्टनावर डोळे ताणून, आणि मोबाइलच्या पडद्यावर फक्त यंत्रमानव उरतो.

एक शेवटची सोय, फाइलींवर ऐकणाऱ्यांसाठी. दहा गाण्यांच्या त्या प्लेलिस्टला रिपीट लावून ठेवा. बत्तिसावं वचन विरत विरत शून्यावर जातं आणि त्या शून्यातूनच पहिल्या गाण्याचा सूर वर येऊ लागतो. हा सांधा पार्सन्सने जोडलेला नाही, पण बसतो मात्र चपखल.